फालमथच्या चढावर सुकेळी

राजोडीत येऊन सेबेस्टियनचं घर विचारलंत, तर लोक तीन-चार सेबेस्टियन दाखवतील आणि तुम्ही भलत्याच घरी चहा पिऊन परत जाल. फालमथकर कुठे राहतात असं विचारा. मग कुणीही हातातलं काम टाकून तुम्हाला दारापर्यंत सोडेल, आणि वाटेत हळूच सांगेल, "जरा वेळ काढूनच आत जा हां."

फालमथ हे इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं एक बंदर. सेबेस्टियनचा आणि त्याचा संबंध जेमतेम दोन-अडीच आठवड्यांचा, आणि तोही पलंगावरून. पण तेवढ्या भांडवलावर माणूस बत्तीस वर्षं काढू शकतो. लग्नाच्या मांडवात बसला की त्याला फालमथ आठवायचं. मयताला गेला तर तिथेही, "फालमथला पन असंच आभाळ होतं बघा," म्हणून सुरुवात व्हायची आणि मयताची माणसं रडायची थांबून ऐकत बसायची. बळीराम दुकानदार म्हणायचा, सेबूभावाने इंग्लंड पाहिलंय खरं, फक्त आडवं पाहिलंय.

तरुणपणी सेबेस्टियन मालवाहू बोटीवर खलाशी होता. बोटीवरचा माणूस म्हणजे जग पाहिलेला, असं आपल्याला वाटतं. सेबेस्टियनने जगातली बंदरं पाहिली ती दोरखंडावर लटकून, हातातल्या हातोडीने बोटीचा गंज पाडता पाडता. जमिनीवर उतरायला मिळालं तर गोदीच्या फाटकापर्यंत, तिथून परत. अशात एके दिवशी इंग्लंडच्या समुद्रात त्याच्या पोटात कळ उठली. ॲपेंडिक्स. बोट फालमथला थांबली, सेबेस्टियनला झोळीतून खाली उतरवलं, आणि बोट पुढे निघून गेली. शुद्धीवर आला तेव्हा तो एका लांबलचक वॉर्डात होता आणि आजूबाजूला त्याची भाषा कळणारं कुणी नव्हतं.

ऑपरेशनचं दुखणं त्याने सोसलं. त्याला सोसवत नसे ती भेटायला येणाऱ्यांची वेळ. घंटा झाली की प्रत्येक खाटेशी कुणीतरी यायचं. सेबेस्टियन तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा, कारण डोळे उघडे ठेवले तर कुणीतरी कीव करून हसेल अशी त्याला धास्ती. शेजारच्या खाटेवर पास्को नावाचा एक मासेमार पाय टांगून पडला होता. त्याची बायको दुपारी मासळी विकून थेट यायची. सोंग घेतलेल्या सेबेस्टियनच्या नाकात एकदम बांगड्याचा वास शिरला आणि त्याचं सोंग सुटलं. बाईने पाहिलं, हा काळा पोरगा भिंतीकडे तोंड करून रडतोय. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा तिने खुर्ची उचलली आणि नवऱ्याच्या पलीकडे न ठेवता दोन खाटांच्या मधे ठेवली.

झालं एवढंच. त्यानंतर ती रोज मधेच बसायची. अर्धं नवऱ्याशी बोलायची, अर्धं सेबेस्टियनशी. त्याला एक अक्षर कळायचं नाही, तो आपला "येस मॅडम" म्हणायचा. भट्टीत भाजलेली तांदळाची खीर आणायची, वरची साय करपलेली, आणि चमच्याने मधोमध रेघ मारून दोघांना वाटायची. मग एका सकाळी कंपनीचा माणूस आला, बोट दुसऱ्या बंदरात थांबलीय, चल म्हणाला. नर्सने त्याचं सामान भराभर पिशवीत कोंबलं. सेबेस्टियनने आगगाडीत पिशवी उघडली तर आत खिरीची बशी. पांढऱ्या एनॅमलची, निळ्या काठाची. बाई आदल्या दिवशी विसरून गेली असणार. त्या बाईला थँक्यू म्हणायचं तर राहिलंच, वर तिची बशीही घेऊन आला.

आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही. दोन केळी घालतील, मूठभर तांदूळ घालतील, काही नसलं तर चिमूटभर साखर टाकतील. पण भांड्याचा तळ उघडा दिसू द्यायचा नाही. इथे तर भांडं भरून देणं दूरच, ते परत द्यायचीच सोय नव्हती. टपालाचा पत्ता माहीत नाही, आणि सेबेस्टियनची बोट पुन्हा कधी त्या बाजूला फिरकली नाही. मग ती बशी घरात आल्तारावर गेली, क्रुसाखाली, मेणबत्त्यांच्या शेजारी, भिंतीला टेकवून. तिच्यात कुणी खायचं नाही, ती कुणी हलवायची नाही. हिल्डा लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला वाटलं ही कुठल्या तरी संताची वस्तू असावी. रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे माळेची प्रार्थना, झाला की ती बशीला बोटं लावून क्रुसाची खूण करायची. महिनाभराने सासूने पाहिलं आणि सांगितलं, "अगो, ती खिरीची बशी हाय."

त्या दिवशी हिल्डाने नवऱ्याला एकच प्रश्न विचारला म्हणतात.

"दिसायला कशी होती ती?"

"हात मोठे होते," सेबेस्टियन म्हणाला.

हिल्डाचं समाधान झालं की नाही कळलं नाही, पण बशीवरची धूळ ती नियमाने पुसत राहिली.

एवढी जुनी कथा सांगायचं कारण, अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत सेबेस्टियनचा मुलगा केल्विन सुट्टीवर घरी होता. केल्विनही बोटीवर, पण बापासारखा गंज पाडायला नाही. मोठ्या प्रवासी क्रूझवर, पँट्रीत. रात्री जेवताना तो सहज म्हणाला, "या टायमाला आमची बोट ब्रिटनला फेरी मारणारे. डोव्हर, पोर्टलँड, फालमथ, मग वर स्कॉटलंड."

सेबेस्टियनचा घास हातातच राहिला. हिल्डाने नवऱ्याकडे पाहिलं, मग पोराकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की आता या घरात दोन महिने दुसरा विषय निघायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत फालमथ उभं राहिलं होतं. खराटा म्हणजे धक्का. उलटी घातलेली बादली म्हणजे देऊळ, म्हणजे चर्च. नारळाच्या करवंट्या मांडून चढाचा रस्ता केलेला, आणि सगळ्यांत वरती, चढ संपतो तिथे, स्वयंपाकघरातला पाटा. ते हॉस्पिटल. हिल्डा चटणी वाटायला आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझा पाटा कुटं हाय?"

"हॉस्पिटलाला हात लावू नको."

"मग वाटप काय चर्चवर वाटू?"

केल्विन दात घासत बाहेर आला. त्याला खराट्यावर उभं करण्यात आलं.

"हा तू उतरलास," सेबेस्टियन म्हणाला. "पाय जमिनीवर पडला की कोनाशी गप्पा नाय. उजवीकडे दुकानं दिसतील, तिकडं बघायचं पन नाय. चर्चवरनं डावीकडं वळायचं, चढ लागंल. दम खात खात जायचं. हॉस्पिटलाच्या मागं गल्ली, गल्लीत निळा दरवाजा. पास्कोचं घर म्हनून तिनंच खिडकीतनं हात करून दाखवलेलं मला."

"पपा, तुम्ही चढ चढलात कधी? तुम्हाला तर झोळीतून नेलं ना?"

"झोळीतनं नेलं तरी चढ कळतो. डोकं खाली, पाय वर होत व्हते माझे."

बळीराम दुकान उघडायला चालला होता तो कुंपणापाशी थांबला. गावात काही मांडलेलं दिसलं आणि बळीराम थांबला नाही असं होत नाही. आपल्या आळीला एक तरी असा माणूस लागतोच.

"सेबूभाव, बंदरात पानी नाय."

सेबेस्टियनने मान वर केली नाही. हातातला तांब्या खराट्याच्या पुढे ओतला आणि म्हणाला, "झालं?"

असा हा अभ्यास आठवडाभर चालला. गावातली माणसं पडवीत आली की करवंट्या चुकवून पाय टाकायला शिकली. सेबेस्टियनने केल्विनसाठी एक इंग्रजी भाषणही तयार केलं होतं. मिसेस पास्को दिसल्या की सरळ उभं राहून म्हणायचं. 'डिअर मिसेस पास्को, ऑन बिहाफ ऑफ माय फादर अँड द पीपल ऑफ राजोडी व्हिलेज' अशी त्याची सुरुवात होती.

"राजोडीच्या लोकांना कशाला घेतलंस?" बळीरामने विचारलं. "खीर तू खाल्लीस. आमी काय केलं?"

"तुमी ऐकलं नाय काय बत्तीस वर्सं?"



या सगळ्यात एका माणसाला कुणी विचारलं नव्हतं, तो केल्विन. बोटीवर त्याला आठवडे आठवडे सुट्टी नसायची. सकाळच्या नाश्त्याच्या बशा धुवून होतात तोवर दुपारच्या, मग रात्रीच्या. बंदराला लागल्यावर नशीब असलं तर दुपारचे चारेक तास जमिनीवर जायला मिळायचे, आणि तेही प्रत्येक बंदरात नाही. त्या चार तासांत फालमथच्या किल्ल्यावर जायचं, गवतावर पडून राहायचं, कुणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी एक बिअर प्यायची, असा त्याचा साधा बेत होता. शनिवारी बापाने त्याला पाचव्यांदा खराट्यावर उभं केलं तेव्हा तो बोलून गेला.

"पपा, ती माझी सुट्टी आहे. तुमची नाही. आणि ती बाई असेल का अजून? तुम्हीच सांगता तेव्हा ती चाळिशीची होती. मी चार तास म्हातारीचं घर शोधत फिरू आणि दारावर दुसराच माणूस निघाला तर?"

सेबेस्टियनने करवंट्या गोळा करायला घेतल्या. एकेक उचलून दुसरीत घातली, मग पाटा उचलला आणि आत नेऊन हिल्डाच्या पुढे ठेवला. बळीरामने कुंपणापलीकडून पाहिलं आणि दुकानाकडे गेला.

हिल्डाने पोराला रागावलं नाही. ती चटणी वाटता वाटता एवढंच म्हणाली, "ते कोनाचं थँक्यू ठेवत नाय अंगावर. शेजाऱ्यानं मीठ दिलं तरी संध्याकाळी काय तरी देऊन येतात. हे एकच राह्यलंय. झोपेत पन बोलतात कवा कवा, येस मॅडम म्हनून."

संध्याकाळी सेबेस्टियन समुद्राकडे गेला होता, तिथे केल्विन जाऊन बसला. बराच वेळ दोघे वाळूत रेघा मारत होते. शेवटी केल्विन म्हणाला, "तो चढ कुठून लागतो म्हणालात? चर्चच्या आधी का नंतर?"

"नंतर," सेबेस्टियन म्हणाला, आणि बोटाने वाळूत चर्च काढलं.

मग पुढचा प्रश्न, बशीत काय घालायचं. केल्विन मार्चमध्ये बोटीवर रुजू होणार, आणि बोट फालमथला लागणार मेच्या अखेरीस. तेवढं टिकणारं काय? लाडू टिकणार नाहीत. सुका बोंबील न्यायला केल्विनने साफ नकार दिला. बोटीवरच्या खोलीत चौघे झोपतात, पहिल्याच रात्री समुद्रात फेकतील म्हणाला, बोंबील नाही, मला. शेवटी हिल्डाने सुकेळी करायची ठरवली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, रोज उलटायची, रात्री आत घ्यायची, मधासारखा रंग आला की केळीच्या सुक्या पानात आवळून बांधायची. आगाशीपासून इकडे सगळ्यांना जमणारं काम. पण त्या वर्षी हिल्डाने ज्या जिवाने ती केळी वाळवली ते पाहून शेजारणींना वाटलं की घरात कुणाचं तरी लग्न ठरलं. कावळे हाकायला ती स्वतः उन्हात बसायची. तिने दोन पुडे केले. एक बशीसाठी, आणि दुसरा मुद्दाम वर दिसेल असा ठेवायचा, म्हणजे खोलीतली पोरं तोच खाऊन गप्प बसतील.

बशी आल्तारावरून उतरवताना सेबेस्टियनने आधी क्रुसाची खूण केली. त्या जागी भिंतीवर गोल पांढरा डाग उरला होता.

मे संपत आला. फालमथचा दिवस उजाडला तो सेबेस्टियनने समुद्रावर काढला. मोठी क्रूझ धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकते आणि लहान होड्यांतून माणसं जमिनीवर जातात. वारा असला तर कुणीच उतरत नाही, असं केल्विनने सांगून ठेवलं होतं. इथे राजोडीला पावसाळ्याआधीची लाट आपटत होती. सेबेस्टियन तोंड पाडून बळीरामच्या दुकानात आला.

"वारा हाय रे. होड्या उतरवनार नाय."

"सेबूभाव, मधे अख्खी आफ्रिका हाय. हितला वारा तिथवर जाताना दमंल."

फोन बळीरामच्या दुकानातच होता, एसटीडीचा. केल्विन जमिनीवरून फोन करणार होता तो तिथेच येणार. आपल्याकडे संध्याकाळ म्हणजे तिकडे दुपार, हा हिशेब सेबेस्टियनने पक्का केला होता. तो दुकानातल्या बाकावर बसला आणि फालमथ जगायला लागला.

"आता बशा धुऊन झाल्या असतील."

थोड्या वेळाने, "आता होडीत बसला."

मग, "चर्च आलं." तेवढ्यात एक गिऱ्हाईक रॉकेल मागायला आलं, त्याला सेबेस्टियनने हाताने थांबवलं. "थांब जरा. चढ लागलाय."

हिल्डा पाठोपाठ आली. ती साडी बदलून आली होती, जसं काही फोनमधून दिसणार होतं. दिवेलागण झाली. दुकानात सुपारी घ्यायला, काड्यापेटी घ्यायला, उगाचच, करत करत आठ-दहा माणसं जमली आणि कुणी घरी जाईना. बळीरामने टिंगल करून पाहिली, पण त्याचंही लक्ष फोनकडे होतं.

सेबेस्टियनला आता वेगळीच भीती वाटत होती. होडी, वारा, चढ हे सगळं बाजूला राहिलं. केल्विन फोन करील आणि म्हणेल, पपा, ती दोन वर्षांपूर्वीच गेली. मग हे थँक्यू घेऊन कुठे जायचं? बाकीचं आयुष्य तर त्याने फुकटात मिळाल्यासारखं भोगलं होतं. बायको, तीन मुलं, घर, वाडीत केळी. त्या वॉर्डात भिंतीकडे तोंड करून मेला असता तर यातलं काय झालं असतं? एवढं सगळं जिच्यामुळे, तिला सांगायलाच मिळालं नाही तर ते सगळं उधारीवर घेतल्यासारखं वाटत राहणार.

फोन वाजला. बळीरामने उचलला, "हां, हां, हाय हितंच, त्यो कुटं जातोय," म्हणत रिसीव्हर पुढे केला.

"पपा?"

"चढ लागला का रे?"

"चढ सोडा हो. मी घरात आहे. तिच्या घरात. तिच्याच फोनवरून बोलतोय."

सेबेस्टियनने भिंतीला हात टेकला. दुकानातल्या सगळ्यांना त्याच्या तोंडाकडे पाहूनच कळलं, बाई आहे.

"निळा दरवाजा मिळाला?"

"दरवाजा लाल आहे आता. तुमचं हॉस्पिटलसुद्धा कळेना. धक्क्यावरच्या मासळीच्या दुकानात पास्को म्हणून विचारलं, त्यांनी पोचवलं."

"आनि सुकेळी?"

"बशीवरचं पान काढलं आणि तिने विचारलं, हा कोणता मासा. वाळवलेला बांगडा वाटला तिला. मग खाल्ली. दोन खाल्ली. तिची मुलगी नको नको म्हणत होती, शुगर आहे म्हणे, तर तिने उरलेली कपाटात लपवली."

सेबेस्टियनने हे हिल्डाला सांगितलं. हिल्डाने पदर सारखा केला.

"मी आठवलो ना तिला?"

पलीकडे क्षणभर नुसती खरखर.

"हो. आठवलात. लगेच."

"काय आठवलं?"

"हेच... तुम्ही वॉर्डात होतात ते."

"कुटल्या बाजूला होतो मी? खिडकीच्या का दाराच्या?"

"पपा..."

"केल्विन, मी बाप हाय तुझा. बोल."

"नाही आठवत तिला. मी सगळं सांगितलं, पोट, बोट, खीर, सगळं. ती म्हणते असे खूप जण होते. नवरा घरी आल्यावरसुद्धा ती त्या वॉर्डात जात राहिली म्हणे, वर्षानुवर्षं. ज्याचं कुणी येत नाही त्याच्याजवळ बसायची. ग्रीक, पोलिश, कोण कोण. आता सगळ्यांची सरमिसळ झालीय. सॉरी म्हणाली. आणि अजून एक. बशी तिची नाही म्हणते."

"म्हनजे?"

"तिच्याकडे अशी बशी नव्हतीच कधी. हॉस्पिटलची असेल म्हणते."

रिसीव्हर कानापासून जरा लांब होता, त्यामुळे हे बळीरामलाही ऐकू गेलं. त्याने कपाळाला हात लावला. "सेबूभाव, बत्तीस वर्सं चोरीचा माल आल्तारावर. आनि माझ्या वयनीला त्याच्या पाया पडायला लावलंस." सगळं दुकान हसलं. हिल्डासुद्धा तोंडावर पदर घेऊन हसली. सेबेस्टियन हसला नाही. रुसलाही नाही. तो काहीतरी जुळवत असल्यासारखा उभा होता.

"पपा, तिला बोलायचंय तुमच्याशी. देऊ?"

सेबेस्टियनने 'हो' म्हणायच्या आत पलीकडून एक म्हातारा, जाडसर, मोकळा आवाज आला. हॅलो, माय डिअर. सेबेस्टियनचं भाषण, ते ऑन बिहाफ, ते राजोडी व्हिलेज, सगळं खराट्यासकट वाहून गेलं. त्याच्या तोंडून आलं ते एवढंच:

"मिसेस पास्को. युवर हजबंड लेग. ओके?"

बाई हसली. पाय एकदम ठीक झाला म्हणाली, मुलीच्या लग्नात त्याच पायावर नाचला. आता त्याला जाऊन सहा वर्षं झाली. सेबेस्टियनने डोकं खाली घालून क्रुसाची खूण केली. मग बाईने विचारलं. शब्द सावकाश, एकेक सुटा करून, बहुधा तेव्हाही ती असंच बोलत असावी.

"आणि तू? तू बरा झालास ना मग?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न सेबेस्टियनला कुणी विचारला नव्हता. बोटीवर परतला तेव्हा काम करतोय म्हणजे बरा झालाच. घरी आला तेव्हा चालतोय म्हणजे बरा झालाच. त्याला एकदम आठवलं की जखम नीट भरायच्या आधीच त्याला पिशवी देऊन आगगाडीत बसवलं होतं, आणि खाट रिकामी पाहून त्या बाईला मागे काय वाटलं असेल ते आपण कधी मनातही आणलं नाही.

"येस," तो म्हणाला. "येस, मिसेस पास्को. ऑल बेटर. वाईफ. थ्री चिल्ड्रेन. धिस बॉय, माय लास्ट." आणि मग, इतकी वर्षं जे कुठल्याच वाक्यात नीट बसत नव्हतं ते आपोआप आलं. "थँक्यू. यू सिट विथ मी. थँक्यू."

तिकडून ती काय म्हणाली ते त्याने कधीच कुणाला सांगितलं नाही, आणि फालमथविषयी सेबेस्टियनने न सांगितलेली ही एकच गोष्ट. तो रिसीव्हर हातात धरून नुसता मान हलवत होता. शेवटी हिल्डाने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

सेबेस्टियन दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. बळीराम मागोमाग आला. विडी काढली, एक सेबेस्टियनला दिली, पेटवून दिली. मग न राहवून म्हणाला, "पन सेबूभाव, तिनं तर तुला वळखलंच नाय. तू हितं तिच्या नावानं आयुष्य काढलंस."

"वळख नव्हती तवाच आलती ना ती बसायला," सेबेस्टियन म्हणाला.

बळीरामने यावर मान डोलावली. दोघे अंधारात विडी ओढत राहिले. आत हिल्डा आपल्या बोलीत, एक शब्द इंग्रजीचा न वापरता, मिसेस पास्कोंना मोठ्याने समजावून सांगत होती की सुकेळ्यांना मुंग्या लागतात, डबा पाण्याच्या ताटात ठेवा, आणि एकटीने सगळी खाऊ नका, साखर वाढंल. पलीकडून काहीतरी उत्तर येत होतं. "हां, तेच म्हनते मी," हिल्डा म्हणाली, आणि तिने बाकावर बसून घेतलं.